आधी तो उघडतो का ते बघा

सकाळी भाचीचा फोन आला. रडत होती. प्रॉडक्ट डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात 'पर्यावरणपूरक कॉम्प्युटर' हा विषय होता. दोन महिने राबून तिने लॅपटॉपचं मॉडेल केलं. मागचं झाकण नखाने उघडतं, बॅटरी सरकवली की हातात येते, कीबोर्ड चार खिट्ट्यांवर बसतो. कुठेही गोंद नाही. परीक्षकांनी उचलून पाहिलं आणि विचारलं, "जाड झालाय. यात ग्रीन काय आहे?" पहिला नंबर बांबूच्या कव्हरला. आत सगळं नेहमीसारखंच चिकटवलेलं.

तेव्हापासून डोकं ठणकतंय.

ग्रीन काय, ते मी सांगते. गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. टचपॅड वर आला, झाकण मिटेना. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, "मॅडम, बॅटरी, कीबोर्ड आणि वरची बॉडी एकत्रच येते. सोळा हजार. त्यापेक्षा नवीन घ्या." चार वर्षांचं मशीन, गेलीय फक्त बॅटरी, आणि म्हणे नवीन घ्या! तशीच मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. तिथल्या एका दादांनी गोंद सैल करणारं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) थेंब थेंब सोडत, प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने गोंद सोडवला. फुगलेली बॅटरी, जरा टोचली तर पेट घेईल. पाऊण तास मी श्वास रोखून उभी. अठ्ठावीसशे रुपयांत काम झालं. ही पोस्ट त्याच लॅपटॉपवर लिहितेय.

लॅपटॉपमुळे हवेत जाणाऱ्या कार्बनचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच सुटतो. म्हणजे आहे तो चार वर्षं जास्त चालवणं हेच मोठं काम. बांबू त्यात काय करणार?

आणि भाचीच्या डोक्यातलं हे खूळ नाही हो. २०१० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या मुलांनी मिळून 'ब्लूम' नावाचा लॅपटॉप मांडला होता. नेहमीचा लॅपटॉप पूर्ण सुटा करायला तीन हत्यारं आणि ४५ मिनिटं लागतात, असा त्यांचा हिशेब. (माझा लॅमिंग्टन रोडचा पाऊण तास आठवला ना?) त्यांचा ब्लूम नुसत्या हातांनी, दहा पायऱ्यांत, दोन मिनिटांत सुटा व्हायचा. प्लास्टिक वेगळं, धातू वेगळा, सर्किट वेगळं. विद्यार्थ्यांनी केलं हे, सोळा वर्षं होत आली! तो बाजारात आला नाही, पण २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची कंपनी घरी उघडता येणारा लॅपटॉप विकतेय आणि स्क्रू-ड्रायव्हर खोक्यातच देते. तरी आमचे परीक्षक विचारणार, ग्रीन काय.

जे सुटं होत नाही ते कुठे जातं? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ई-कचरा फोडणाऱ्या वस्त्यांत. तिथे माणसं हातोडीने फोडतात, तारा जाळतात, तांब्यासाठी बोर्ड ॲसिडात बुडवतात. तो धूर त्यांच्या छातीत जातो. आपण भंगारवाल्याला देऊन मोकळे.

असो. बांबूवाल्या मुलावर माझा राग नाही, त्यानेही मेहनत घेतलीच असेल. ह्यूस्टन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने नालीदार पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर केला होता, 'रीकम्प्यूट'. तेव्हा वेगळं साहित्य वापरण्यात अर्थ नाही असं नाही. आणि हो, उघडणारा लॅपटॉप थोडा जाड होतो, मान्य. माझा पातळ होता, म्हणूनच गोंदाने भरलेला होता.

फोनवर भाची शेवटी म्हणाली, "मावशी, मॉडेल टाकून देऊ का?" पोटात तुटलं माझ्या. टाकून काय देतेस? शनिवारी घेऊन ये म्हटलं. त्या दादांच्या दुकानात जाऊ, त्यांच्या काउंटरवर ठेवू, आणि काही न सांगता उघडायला देऊ. आयपीए नाही, पट्टी नाही. घड्याळ मी लावणार आहे.