नर्स ॲनेस्थेटिस्ट (भूल देणारी नर्स) प्रवेश: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंगची परवाना परीक्षा) पास झालात की भारतातल्या आयसीयूच्या अनुभवावर अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्टच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला थेट प्रवेश’ हा मेसेज नर्सिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सीओए या अमेरिकन संस्थेच्या नियमांनुसार 2022 पासून नवा प्रवेश फक्त डॉक्टरेटला मिळतो. त्याला साधारण तीन वर्षं लागतात. क्रिटिकल केअरचा किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो आणि तो अमेरिकेतला किंवा अमेरिकन लष्करी रुग्णालयातलाच धरतात. इथे व्हेंटिलेटरवरचे पेशंट वर्षानुवर्षं सांभाळलेल्या सिस्टरांच्या मनाला हे लागेल, पण नियम असाच आहे. एजंटला पैसे देण्याआधी त्या कॉलेजच्या प्रवेशाच्या अटी स्वतः वाचा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.