घराची किंमत, शंभरापैकी

आमच्या घराच्या एकूण पाच किमती आहेत. त्यातल्या दोन मी स्वतः ठरवलेल्या आहेत, दोन्ही अगदी मनापासून, आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही.

खरे आकडे सांगणार नाही, कारण आकडा सांगितला की माणसं घर विसरतात आणि हिशेब करायला बसतात. तेव्हा माझ्या मते आमच्या घराची जी किंमत आहे ती शंभर धरा. नवऱ्याच्या मते ती माझ्या मताइतकी आहे. तो अशा बाबतीत स्वतंत्र मत बाळगत नाही.

सुरुवात मात्र त्यानेच केली. आमची बँक नव्या कर्जदारांना आमच्यापेक्षा बऱ्याच कमी व्याजाने कर्ज देते, हा शोध त्याला एका रात्री लागला. नऊ वर्षांत आम्ही एकही हप्ता चुकवलेला नाही. तरीही काल दारात आलेल्या अनोळखी माणसाला स्वस्त आणि आम्हाला महाग! नव्याची नवलाई नऊ दिवस असते म्हणतात; आमची नऊ वर्षं झाल्यामुळे बँकेला आमच्यात काही नवल उरलं नव्हतं.

मग त्याने एक्सेल उघडलं. हप्त्यातला व्याजाचा वाटा सुरुवातीच्या वर्षांत मोठा असतो आणि मुद्दल नुसतं कोपऱ्यातून खरवडलं जातं, म्हणून कर्ज हलवायचं तर जितकं लवकर तितकं बरं, असं त्याने मला तीन रंगांत दाखवलं. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, कागद तपासणाऱ्या वकिलाची फी, व्हॅल्युएशनची फी, सगळं वजा करूनही फायदा उरत होता. तो हिरव्या रंगात होता. त्या हिरव्या चौकोनाकडे पाहत आम्ही दोघं बराच वेळ बसलो. त्यात मी मनातल्या मनात एक सहलही करून आले.

नव्या बँकेने आमचे पगार पाहिले, जुने हप्ते पाहिले, माणसं सज्जन आहेत असं ठरवलं. आता फक्त घर कसं आहे ते पाहायचं राहिलं. आधी म्हणे त्यांच्या संगणकाने बसल्या जागी किंमत काढायचा प्रयत्न केला. आसपास अलीकडे विकलेल्या घरांवरून तो अंदाज बांधतो. उंटावरून शेळ्या हाकायचाच हा प्रकार, पण आमच्या भागात पुरेशा शेळ्याच नव्हत्या. आमच्या इमारतीतलं घर सहसा कोणी विकत नाही. संगणकाने हात टेकले आणि बँकेने माणूस पाठवायचं ठरवलं.

तो यायच्या आधीचे चार दिवस मी काय केलं ते लिहिलं तर वाचणाऱ्याला दम लागेल. पडदे धुतले. पुस्तकांचं कपाट उंचीनुसार लावलं, मग ते फार दिखाऊ वाटलं म्हणून थोडं विस्कटलं. न्हाणीघराच्या छतावर ओलीचा एक डाग आहे, त्यावर नवऱ्याने रंग मारला. बाकीचं छत नऊ वर्षांचं पिवळट आणि मधोमध हा पांढराशुभ्र तुकडा. पूर्वी डाग होता, आता डागाची जाहिरात झाली.

व्हॅल्युअर आले. साधारण पन्नाशीचे, हातात वही, खिशात लेझरचं अंतर मोजायचं यंत्र. मी म्हटलं, "बसा ना." ते म्हणाले, "नको, मोजतो." पुढची सतरा मिनिटं (नवरा घड्याळ लावून होता) ते एका भिंतीवर लाल ठिपका मारत, आकडा लिहीत आणि पुढच्या खोलीत जात. पडद्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं, तेही बाजूला सारून मागची खिडकी मोजण्यासाठी.

"हे कपाट आम्ही मुद्दाम करून घेतलं," मी म्हटलं.

"फर्निचर. धरत नाही."

"स्वयंपाकघराचा ओटा नवीन आहे."

"हं." याचा अर्थ काय ते आजही कळलेलं नाही.

बाल्कनी आम्ही खिडक्या लावून बंद करून घेतली आहे. माझी अख्ख्या घरातली सर्वांत आवडती जागा. मी तिथे वाचते, भांडण झालं की रुसते, पाऊस बघते. मी म्हटलं, "आणि ही आमची छोटी खोली."

त्यांनी नकाशा उघडला. मंजूर नकाशात ही खोली नव्हती. "ही बाल्कनी आहे," ते म्हणाले. मी त्यांच्या डोळ्यांदेखत त्या खोलीत उभी होते, तरी.

मग मी हुशारी केली. नवऱ्याने मला एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचून दाखवलं होतं. 1987 साली दोन अमेरिकन संशोधकांनी इस्टेट एजंटांना एक खरंखुरं घर हिंडून दाखवलं आणि माहितीची कागदपत्रंही दिली. फरक एवढाच की प्रत्येक गटाच्या कागदावर घराची सांगितलेली किंमत वेगळी होती. ज्यांच्या हाती मोठा आकडा पडला त्यांचा अंदाज वर सरकला, ज्यांच्या हाती लहान पडला त्यांचा खाली. आणि बहुतेक मुरलेले एजंट छातीवर हात ठेवून सांगत होते की त्या आकड्याचा आमच्यावर काही परिणाम झाला नाही. तेव्हा मी छताकडे बघत, सहज सुचल्यासारखं म्हणाले, "वरच्या काकूंनी त्यांची इथली दुसरी जागा विकली ना, ती एकशेदहाला गेली म्हणतात."

"कागद आहे?"

"नाही, पण सगळे म्हणतात."

त्यांनी वही मिटली. जाताना न्हाणीघराच्या दारात थांबले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे काय होतं?"

आठ दिवसांनी आकडा आला. 84.

मी तो तीनदा वाचला. मग उलटा वाचून पाहिला. 48 पेक्षा बरा होता. आमचं उरलेलं कर्ज याच मापाने 70. शंभराच्या घरावर सत्तर म्हणजे सत्तर टक्के, आणि नव्या बँकेचा तो हिरवा व्याजदर पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच्या कर्जाला होता. पण 84 च्या घरावर सत्तर म्हणजे त्र्याऐंशी टक्के आणि वर थोडं. एका रात्रीत आम्ही काहीही न करता जास्त कर्जबाजारी झालो होतो. देणं तेवढंच, घर तेवढंच, फक्त भागाकार बदलला. बँकेतल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, आम्ही 63 देऊ शकतो. वरचे सात तुम्ही भरा, किंवा वरच्या स्लॅबचा व्याजदर घ्या." वरच्या स्लॅबमध्ये नवऱ्याचा हिरवा चौकोन लाल होत होता. आणि सात आमच्याजवळ असते तर मी चार दिवस पडदे धूत बसले असते का?

"दुसऱ्या बँकेत जाऊ," मी म्हटलं. गेलो. तिथे पुन्हा व्हॅल्युएशनची फी पडणार होती, ती भरायच्या आधी मी व्हॅल्युअर कोण येतो एवढं विचारून घेतलं. बँका आपापल्या यादीतल्याच माणसांना पाठवतात आणि एकाच गावातल्या दोन बँकांच्या याद्यांत तीच माणसं असायला काही हरकत नसते. नाव ऐकून मी नमस्कार करून उठले. त्यांना परत एकदा "ही बाल्कनी आहे" म्हणायची संधी मी देणार नव्हते.

उरला एकच मार्ग, दाद मागायचा. नुसतं "आम्हाला कमी वाटतं" असं म्हणून चालत नाही. आपल्यासारखी, जवळची, गेल्या काही महिन्यांत खरोखर विकली गेलेली घरं दाखवावी लागतात. जाहिरातीत मागितलेली किंमत धरत नाहीत, कागदावर उतरलेली धरतात. शिवाय मूळ अहवालातली चूक दाखवता आली तर उत्तमच: क्षेत्रफळ चुकलं, मजला चुकला, इमारतीचं वय चुकलं, असं काही. म्हणून मी अहवाल मागितला. तेव्हा कळलं की फी आम्ही भरली असली तरी अहवाल बँकेचा असतो. तीन ईमेल, एक अर्ज आणि नवऱ्याची एक अर्धी रजा, एवढ्यावर त्याची प्रत मिळाली.

अहवाल बारा पानांचा होता. मी पेन्सिल घेऊन बसले. "अंतर्गत स्थिती: मध्यम." मध्यम! समासात मी लिहिलं, "डोळे तपासून घ्या." "छतावर ओलीच्या खुणा, अलीकडे झाकलेल्या." समासात: "झाकल्या तर दिसल्या कशा?" क्षेत्रफळ मी टेप घेऊन स्वतः मोजलं, चूक सापडेल या आशेने. चूक सापडली. त्यांनी आमचं घर अर्ध्या चौरस फुटाने जास्त धरलं होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

नवरा शांतपणे म्हणाला, "याला एन्डाउमेंट इफेक्ट म्हणतात. वस्तू आपली झाली की जास्त मोलाची वाटते." 1990 साली कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. वर्गातल्या अर्ध्या मुलांना कॉफीचा एकेक मग फुकट दिला आणि विचारलं, कितीला विकाल? ज्यांना मग मिळाला नव्हता त्यांना विचारलं, कितीला घ्याल? तो मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झालेली, तरी मालकांनी गिऱ्हाइकांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. पुढे कानेमनना 2002 मध्ये आणि थेलरना 2017 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. मी म्हटलं, मगाला बाल्कनी होती का? नऊ वर्षं त्या मगात कोणी रुसून बसलं होतं का?

कागद मिळवायला मी वरच्या काकूंकडे गेले. वर्षभर जिन्यात, लिफ्टमध्ये, गच्चीवर त्यांनी मला त्या एकशेदहाची गोष्ट सांगितली होती. मी सगळं सांगून म्हटलं, "काकू, तेवढी विक्रीच्या कागदाची प्रत द्या, तुमच्या एकशेदहावर आमचं काम होईल."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकशेदहा म्हणजे, मागितले होते आम्ही," त्या म्हणाल्या.

"मग दिले किती त्यांनी?"

"अगं, घाई होती त्या वेळी. आणि ती खालची, मागच्या बाजूची जागा." मग आवाज उतरवून, "कोणाला सांगू नकोस हं."

कागद खरा निघाला. नवऱ्याने चौरस फुटाचा दर काढला, आमच्या क्षेत्रफळाला लावला, मजल्याचा फरक धरला, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. त्या दराने आमचं घर 81 ला जात होतं. म्हणजे व्हॅल्युअरनी आम्हाला तीन जास्तच दिले होते, आणि मी ते परत करायला निघाले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आम्ही कागद परत केला. काकू तेव्हापासून माझ्याशी फार प्रेमाने वागतात आणि मीही एकशेदहाचा विषय निघाला की मान डोलावते.

शेवटी आमची जुनी बँकच कामाला आली. कर्ज हलवण्यासाठी लागणारं थकबाकीचं पत्र मागायला नवरा गेला, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "का जाताय?" त्याने कारण सांगितलं. साहेब म्हणाले, "मग आधी सांगायचं ना. अर्ज द्या, थोडी फी भरा, दर कमी करतो." नव्या बँकेच्या दरापेक्षा किंचित जास्त, पण आमच्या दरापेक्षा बराच कमी. आणि व्हॅल्युएशन? "कशाला? घर आमच्याकडेच तर गहाण आहे." नऊ वर्षांत हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. अर्ज दोन पानांचा होता. मी चार दिवस धुतलेल्या पडद्यांबद्दल तिथे रकाना नव्हता.

आता किमतींचा हिशेब देते. शंभर माझी, 84 व्हॅल्युअरची. विमा कंपनीची तिसरी, सगळ्यांत कमी, कारण घर पडलं तर पुन्हा उभं करायला किती लागेल एवढंच ते धरतात, जमीन काही जळत नाही. चौथी 95, घरपट्टी आकारणाऱ्यांची. आणि पाचवी 80, पुन्हा माझी.

म्हणजे असं की हे सगळं रामायण सुरू व्हायच्या आठ महिने आधी घरपट्टी वाढून आली होती आणि मी कर कार्यालयात रीतसर आक्षेप घेतला होता. त्यात मी लिहिलं होतं की इमारत जुनी आहे, छताला ओल आहे, बंद बाल्कनीला खोली म्हणणं हास्यास्पद आहे आणि ही जागा ऐंशीच्या वर जाणं शक्य नाही. न्हाणीघराच्या छताचे फोटो जोडले होते. चांगल्या उजेडात, तीन कोनांतून.

परवा त्याचं उत्तर आलं. आक्षेपाच्या पुष्ट्यर्थ मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अलीकडचा अहवाल पंधरा दिवसांत सादर करावा.

मी खणातून ती बारा पानं काढली. पुन्हा वाचली. काय सुंदर लिहिलंय! ओलीचं निरीक्षण किती बारीक, बाल्कनीबद्दल किती ठाम, "मध्यम" हा शब्द तर अगदी मोजून मापून. सोबतच्या पत्रात मी लिहिलं, "अत्यंत अनुभवी व निःपक्षपाती तज्ज्ञाने प्रत्यक्ष पाहणी करून दिलेला अहवाल." मग नवऱ्याला मुलीच्या कंपासपेटीतून खोडरबर आणायला सांगितलं.

अकरा पानं स्वच्छ झाली आहेत. बाराव्या पानावर, त्या 84 च्या शेजारी, मी पेन वापरलं होतं.