वाइन चढली, गेम चालेना

पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवत दारात आला तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मी लॅपटॉपवर 'फिक्समी, फिक्समी' अशा ओळी धावताना बघत बसलो होतो. रात्री दहाला 'एक ओव्हर खेळतो आणि झोपतो' असं घरात सांगितलं होतं. सात तास चाळीस मिनिटांत अजून टॉससुद्धा झाला नव्हता.

पाच उंडे, म्हणजे गोल पाव, मोजून देताना पोदेराने माझे डोळे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरांत कोण दुयेंत आसा रे?" घरात कुणी आजारी आहे का, असं.

"लॅपटॉप," मी म्हटलं.

खरं तर लॅपटॉप आजारी नव्हता. बरा झाला होता, तेच दुखणं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो. माझा लॅपटॉप २०१४चा. आठवडाभरातच दिवाळी आली. पर्वरीचा माझा भाचा रात्रभर नरकासुर नाचवून, पहाटे तो जाळून आमच्याकडे फोव, म्हणजे पोहे, खायला आला आणि ताकातले फोव संपेपर्यंत त्याने माझं विंडोजही पुसून टाकलं.

"मामा, लिनक्स मिंट घातलंय. फुकट, हलकं, व्हायरसची कटकट नाही."

त्याचं खोटं नव्हतं. पूर्वी चहा होईपर्यंत न उठणारा लॅपटॉप आता बटण दाबलं की टुणकन उठून बसायला लागला. पतसंस्थेचे हिशेब झाले, विजेची बिलं भरली, जत्रेच्या वर्गणीची यादी टाइप झाली. मी चार लोकांना 'लिनक्स घ्या' म्हणून सांगतही सुटलो. मग एका रविवारी कपाट आवरताना कॉलेजच्या दिवसांतल्या क्रिकेटच्या गेमची सीडी हाती लागली. हिच्यापायी माझं बी.कॉम.चं दुसरं वर्ष कसंबसं सुटलं होतं. सीडी घातली, डबल क्लिक केलं, तर लॅपटॉप ढिम्म.

भाच्याला फोन लावला. आई शेजारीच वाती वळत बसली होती. तिच्या कानावर माझीच बाजू पडत होती, ती अशी:

"वाइन? बरं, घालतो... घातली रे, नऊ... नाही, काहीच होत नाही. दहा घालू?... चढली वाटतं. हो, चढली, पण पडदा काळा झाला... सगळं नीट दिसत होतं, आता काहीच दिसत नाही..."

आईची वात अर्धीच राहिली. मी फोन ठेवल्यावर ती शांतपणे म्हणाली, "कपाटात काजूची फेणी आहे, सर्दीसाठी ठेवलेली. घरचं असताना बाहेरचं कशाला?"

तर ही वाइन प्यायची नव्हे, आणि नऊ, दहा या तिच्या आवृत्त्या. विंडोजसाठी केलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारी ही यंत्रणा १९९३मध्ये सुरू झाली. नावाचा अर्थ विचारावा तर 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर'. म्हणजे वाइन म्हणजे काय, तर वाइन अमुक नव्हे. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात: घर कुठे, तर देवळामागे, देऊळ कुठे, तर आमच्या घरापुढे. हिची १.० आवृत्ती २००८ला आली. सुरुवात झाली त्या साली जन्मलेलं पोर तोवर दहावीला बसलं.

हे चालतं कसं, ते भाच्याने तीनदा समजावूनही मला कळलं नव्हतं. कळलं ते आमच्या जत्रेतल्या नाटकावरून. आमच्या गावात दर वर्षी देवळासमोर ऐतिहासिक नाटक होतं. पतसंस्थेचा शिपाई औरंगजेब होतो, मी कित्येक वर्षं दुसरा सैनिक आहे. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा सोडला की आग्रा तयार. वाइन हेच करते. लिनक्सच्या घरात एका फोल्डरात खोटा 'सी ड्राइव्ह' उभारते, आत 'प्रोग्रॅम फाइल्स', 'विंडोज', सगळं जिथल्या तिथे. गेम बिचारा रुबाबात आत येतो आणि हुकूम सोडतो, "कोण आहे रे तिकडे? खिडकी उघडा!" वाइन विंगेतून "जी सरकार" म्हणते आणि तेच काम लिनक्सकडून गुपचूप करून घेते. गेमला वाटतं आपण आग्र्यात आहोत. असतो डिचोलीत.

अडचण एवढीच की काही संवाद अजून कुणी लिहिलेलेच नाहीत. गेम नेमका त्या वाक्यावर आला की विंगेतून हळूच आवाज येतो: फिक्समी. वाइन करणाऱ्यांनी स्वतःलाच लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या आहेत त्या, 'हे राहिलंय, करायचंय'. भाचा म्हणाला, "मामा, फिक्समीकडे बघू नको. त्या येतच राहतात." मी बघत राहिलो. औरंगजेब वाक्य विसरला की मला असाच दरदरून घाम फुटतो.

पहिल्या रात्री मेनूतल्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. फॉन्ट घातले, चौकोन गेले. दुसऱ्या रात्री सुरुवातीच्या व्हिडिओवर गेम कोसळायचा, म्हणून त्या व्हिडिओच्या फाइलचं नाव बदललं. गेमला ती सापडेना, तसा तो मुकाट्याने पुढे गेला. तिसऱ्या रात्री मैदान आलं, अंपायर आला, दोन्ही कर्णधार आले. तिघांचे चेहरे काळे ठिक्कर. नाणं वर उडालं आणि वरच राहिलं. पोदेर आला ती हीच रात्र.

मग प्रोटॉन. वाइनच्याच पायावर व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८मध्ये हे आणलं, आणि २०२२पासून त्यांचं हातात धरून खेळायचं स्टीम डेक यावरच चालतं. कुठला गेम कितपत चालतो याची लोकांनी केलेली यादीही आहे: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि तळाला 'बोर्क्ड', म्हणजे तिरडी बांधा. माझी सीडी या यादीत कशाला असेल! तरी स्टीम या व्हॉल्व्हच्या गेमांच्या दुकानात बाहेरचा गेम जोडता येतो, तसा जोडला. नाणं वरच.

शेवटी दोष सापडला तो माझ्या लॅपटॉपच्या वयात. प्रोटॉन गेमची चित्रं व्हल्कन नावाच्या नव्या भाषेत भाषांतर करून ग्राफिक्सकडे देतं, आणि माझ्या ग्राफिक्सला ती भाषा अर्धीच येते. जुन्याच भाषेत बोल, असं सांगण्यासाठी एक ओळ लिहावी लागते: 'प्रोटॉन यूज वाइनडीथ्रीडी बरोबर एक'. ती मी इंग्रजीत, कॅपिटल अक्षरांत, तीनदा चुकवून लिहिली. आठव्या रात्री, सव्वाएकला, नाणं खाली पडलं.

टॉस मी जिंकलो. फलंदाजी घेतली. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. कॉमेंटरी काही केल्या चालत नव्हती, म्हणून मैदानावर स्मशानशांतता. पाणी प्यायला उठलेली आई मागून म्हणाली, "गेला."

जत्रेला भाचा आला तेव्हा मी त्याला हे सगळं कौतुकाने दाखवलं. म्हटलं, आता तुझा तो ऑनलाइन गोळीबाराचाही घाल.

"तो नाही चालणार, मामा. त्यात अँटी-चीट असतं, लबाडी पकडणारं." मग त्यानेच माझं नाटक मला परत ऐकवलं. काही गेमांचा हा पहारेकरी प्रेक्षकांत बसत नाही, थेट रंगपटात शिरून दाढी ओढून बघतो. काही मालक लिनक्सला मुभा देतात, काही साफ नाही म्हणतात. याच्या गेमचा मालक दुसऱ्या जातीचा.

"मग तू खेळतोस कसा?"

भाचा थाळीतल्या खाज्याचा तुकडा मोडत म्हणाला, "माझ्याकडे विंडोज आहे ना. गेम खेळायचे तर लिनक्स कोण घालतं?"

मी काही बोललो नाही. आई उठली आणि कपाटाकडे गेली.