समूहाच्या प्रभामंडळातील लहान प्रभामंडळे

दीर्घिकासमूहातील कृष्णद्रव्य (प्रकाश न देणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य) म्हणजे एकच सलग, गुळगुळीत गोळा, असे चित्र सहज डोळ्यांसमोर उभे राहते. ते मला अपुरे वाटते. खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये कोमा समूहातील दीर्घिकांच्या वेगांवरून अदृश्य वस्तुमानाचा अंदाज बांधला, तो संपूर्ण समूहाचा होता. मात्र समूहात ओढली गेलेली प्रत्येक दीर्घिका स्वतःचे लहान प्रभामंडळ (तिच्याभोवतीचे कृष्णद्रव्याचे आवरण) सोबत घेऊन येते आणि केंद्राजवळून जाताना भरतीबलामुळे (जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे) त्याचा बाहेरचा भाग आधी ओरबाडला जातो, तर गाभ्यातील तारे घट्ट बांधलेले असल्याने बहुतांशी टिकतात. म्हणूनच, तितक्याच तेजाच्या एकाकी दीर्घिकेच्या तुलनेत समूहातील दीर्घिकेभोवती कृष्णद्रव्य कमी आढळते. (केवळ प्रकाशावरून वस्तुमान काढणे इथे फसवे ठरते, ते यामुळेच.)

खरा पेच मात्र पुढेच आहे. खगोलशास्त्रज्ञ मेनेगेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 11 समूहांच्या निरीक्षणांची संगणकीय प्रारूपांशी तुलना केली, तेव्हा या लहान प्रभामंडळांचा गुरुत्वीय भिंगाचा परिणाम (मागच्या वस्तूंचा प्रकाश गुरुत्वाने वाकवणे) अपेक्षेच्या दहापटीहूनही अधिक निघाला. दोष प्रारूपांच्या विभेदनक्षमतेचा (बारीक तपशील दाखवण्याच्या क्षमतेचा) की कृष्णद्रव्याविषयीच्या आपल्या गृहीतकांचा, यावर मतभेद झाले. मला पहिली शक्यता अधिक पटते.