नदीकाठी घर घेणाऱ्यांसाठी

पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठेच्या अगदी काठावर घर घेण्याचे आपण ठरवले असेल, तर आपले अभिनंदन. या परिसरात नदी पाहण्यासाठी बाल्कनीत जावेच लागते असे नाही. एखाद्या पावसाळ्यात ती स्वतःच दिवाणखान्यापर्यंत येऊन जाते.

घर पाहायला एप्रिल किंवा मे महिन्यात जावे. त्या दिवसांत मुठा इतकी अंग चोरून पडलेली असते, की एवढ्याशा पाण्यासाठी पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा कशासाठी आखल्या असतील, असा प्रश्न आपल्याला पडेल. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढे माहीत असले तरी ते विक्री कार्यालयात बोलून दाखवू नये. तेथील तरुण अदबीने चहा मागवील आणि निळी रेषा आपल्या कुंपणाच्या बरोब्बर बाहेरून जाते, असे नकाशावर बोट ठेवून दाखवील. बोट जाड असते, रेषा बारीक असते. आपण चहा घ्यावा.

आता थोडे आकड्यांचे. मुठेची निळी रेषा 60,000 क्युसेक, म्हणजे सेकंदाला 60,000 घनफूट, विसर्ग गृहीत धरून आखलेली आहे. 25 जुलै 2024 रोजी एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांमधून लोकांना बोटीने बाहेर काढावे लागले, तेव्हा वरच्या बाजूच्या खडकवासला धरणातून सुटलेले पाणी सुमारे 35,000 क्युसेक होते. या दोन आकड्यांमधील फरक कोठे गेला, असे विचारणारे शंकेखोर लोक प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना रात्री दीडच्या सुमारास नदीकडे वळणारे डंपर दाखवावेत. इतरत्र पाडलेल्या वाड्यांचा राडारोडा शेवटी कोठेतरी टाकावाच लागतो, आणि पात्रात भराव घातला की जमीन तयार होते, हे शहरवाढीचे तत्त्व त्यांना नीट समजावून सांगावे.

पाण्याच्या निचऱ्याची चिंता मात्र मुळीच करू नये. ओढे बुजवून किंवा स्लॅबखाली झाकून त्यांच्या जागी पावसाळी वाहिन्या टाकल्या आहेत, आणि त्या थेट नदीत सोडल्या आहेत. नदीची पातळी वाहिनीच्या तोंडापेक्षा वर चढली की तीच वाहिनी उलट दिशेने चालू लागते. इतकी दुहेरी सोय दुसऱ्या कोणत्या उपनगरात आहे? त्यामुळे पाणी संरक्षक भिंत ओलांडून येईल म्हणून भिंतीकडे पाहत बसू नये. ते आधी पार्किंगमधील चेंबरचा ढापा खडखडवते, मग तळमजल्यावरच्या न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे काढत वर येते. तो खडखडाट ऐकू आला, की गाडी हलवण्याची वेळ टळून गेली असे समजावे.

पूर्वसूचनेचीही व्यवस्था आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या तिन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात येते आणि खडकवासल्याची क्षमता जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट), त्यामुळे विसर्ग वाढवण्याचा निर्णय बहुधा आपण गाढ झोपेत असतानाच होतो. त्याचा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये कोठेतरी सापडतो. नदीपात्रातला ठेंगणा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे छायाचित्र त्याच्या आधी येते, परंतु ते दरवर्षीच येते.

पाणी ओसरल्यावर पंचनामा होईल, पाहणी दौरा होईल, आणि गाळ मात्र आपल्यालाच काढावा लागेल. फ्लॅट विकावासा वाटला तर लगेच रंग देऊ नये, कारण ओल्या भिंतीवरचे पापुद्रे दिवाळीपर्यंत गळत राहतात. मार्च उजाडू द्यावा, मग दोन हात मारावेत, आणि कमरेएवढ्या उंचीवर उमटलेली ती पिवळट रेघ तरीही दिसलीच, तर तेथे चपलांचे उंच कपाट ठेवावे. ग्राहक एप्रिलमध्ये येतात.