तेवढी दोन मिनिटं मधे बोलू नका

26 जानेवारीला आमच्या घरी साडेनऊलाच टीव्ही लागतो. आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्या दिवशी आंघोळ उरकून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, पट्ट्याचं बक्कल ब्रासोनं चकचकीत करून खुर्चीत बसतात. राष्ट्रगीत लागलं की उभे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी 52 सेकंद कशाला हात टेकत नाहीत.

ज्या वर्षी अशोक चक्र असतं, त्या वर्षी ते संचलनाआधी देतात. मरणोत्तर असेल तर शहिदाची पत्नी किंवा आई राष्ट्रपतींसमोर उभी राहते आणि त्यानं काय केलं ते वाचून दाखवतात. आण्णा त्याला सायटेशन म्हणतात. काही वर्षांमागं पोरांनी बातम्यांचं एक चॅनेल लावलं होतं. वाचन सुरू झालं आणि चॅनेलनं तो आवाजच बारीक केला. अँकर बोलायला लागला, मग पाहुणे, खाली पळती पट्टी. त्या माउलीचा चेहरा कोपऱ्यात एवढासा. आण्णा कळवळून म्हणाले, "अरं गप की रं जरा! पोरानं काय केलं ते तरी ऐकू द्या!" ऐकू आलंच नाही. पुढं जाहिरात लागली.

मला याचा खरंच राग येतो. चित्ररथांवर हवं तेवढं बोला. 2015 ला आपल्या वारीच्या चित्ररथाला पहिला नंबर मिळाला, त्याचं कौतुक दिवसभर करा. विमानांची माहिती द्या. पण ही दोन मिनिटं तुमची नाहीत, त्या घरची आहेत.

आणि साताऱ्यात असं घर लांब नसतं. आपशिंग्याला गावाच्या नावातच मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. 2015 ला काश्मीरच्या कुपवाड्यात शहीद झालेले कर्नल संतोष महाडिक इथल्याच पोगरवाडीचे, आपल्या सैनिक स्कूलचे.

2009 ची सकाळ मला लख्ख आठवते. तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोक चक्र. जावळीतलं केडंबे त्यांचं गाव. आमच्याकडं तेव्हा दूरदर्शन लावलेलं होतं, मधे कोणी बोललं नाही. हातात नुसती काठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही, हे आम्हाला आधी पेपरातनं माहीत होतं. तरी त्यांच्या पत्नीला तिथं उभं बघताना अंगावर काटा आला. आई पोह्यांचा गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. "आपल्या जावळीचा गं," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे. त्या दिवशी सकाळी घरी दूरदर्शनच लावा. पोरांना शेजारी बसवा, मोबाईल बाजूला ठेवायला सांगा. हिंदी कळलं नाही तर नंतर मराठीत सांगा, वाचन चालू असताना नको. आमच्याकडं आता आदल्या रात्रीच चॅनेल लावून ठेवतो, आणि रिमोट आण्णांच्या उशाला असतो.