गेंड्या भुंगा: पैलवान खरा, पण माडाचा वैरी

गेंड्या भुंग्यावरचा तुमचा लेख आवडला, फक्त त्यातलं 'स्वतःच्या वजनाच्या 850 पट ओझं उचलतो' हे वाक्य खटकलं. नेटवर सगळीकडे हाच आकडा फिरतो. 1996 साली रॉजर क्रॅम या संशोधकाने भुंग्यांच्या पाठीवर वजनं ठेवून मोजलं, तेव्हा तीसपट ओझं घेऊन तो आरामात चालला. शंभरपटीला मात्र त्याची दमछाक झाली. तेही काय कमी आहे का? फुगवायची गरजच नाही.

दुसरं, लेखात त्याला 'निरुपद्रवी' म्हटलंय. इतर जातींचं असेल तसं, पण आमच्या कोकणातल्या माडवाल्यांना विचारा! हा रात्री माडाच्या शेंड्यात शिरून न उमललेली सुई, म्हणजे मिटलेली कोवळी झावळ, पोखरतो. पुढे झावळ उघडली की पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात. शेंड्यात ओला चोथा दिसला की बाबा लोखंडी हूक घालून त्याला बाहेर ओढायचे. काळाकुळकुळीत, अंगठ्याएवढा, आणि हातात धरला की चक्क कुरकुरायचा. एवढ्यावर भागत नाही, त्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंगा ही माडाची दुसरी कीड अंडी घालते, आणि तीच खरा माड मारते.

गंमत म्हणजे गेंड्या भुंग्याची अळी माडाकडे फिरकतही नाही. ती शेणखतात नाहीतर कुजक्या ओंडक्यात लोळत असते, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली. त्यामुळे शेंड्यावर औषध मारून पैसे घालवण्याआधी उकिरडा उपसा. खतात मेटारायझियम बुरशी मिसळली तर अळ्या तिथेच मरतात.

शेणात गोळे करणारे भुंगे याच्याच कुळातले, बरं का. त्यांच्यावरही एक लेख येऊ द्या.